पॅडचे यंत्र घेण्यापूर्वी

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील एका महिला प्रभागसंघाच्या, म्हणजे बचत गटांच्या संघाच्या, सचिव ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या संघाला कर्ज मंजूर झाले असून त्यातून सॅनिटरी पॅड तयार करण्याचे यंत्र घ्यावे, असा विचार चालू आहे. विक्रेते केळीच्या धाग्याचे पॅड, बांबूचे पॅड, ‘ॲनायन’ (ऋणभारित कण) पट्टीचे पॅड, रक्त शोषणाऱ्या, धुऊन वापरायच्या पॅन्टी आणि योनीत बसवून रक्त साठवायचे पाळीचे कप असे सगळेच ‘नवे’ म्हणून दाखवत आहेत. यांपैकी खरोखर नवे काय आहे, आणि जिथल्या निम्म्या बायका दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात व उरलेल्यांच्या गावात फेब्रुवारीपासून टँकर येतो, तिथे कोणते उत्पादन हाती घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी वस्त्रतंत्राचे शिक्षण घेतले आणि गेली बावीस वर्षे लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत बचत गटांबरोबर हेच काम करते आहे. माझे मत आधी सांगते आणि कारणे नंतर देते. यंत्र घेऊ नका, निदान यंदा तरी घेऊ नका. पॅडने रक्त शोषून घेणे हा प्रश्न जगात बऱ्याच अंशी सुटलेला आहे. आपल्या भागातल्या बाईची अडचण पॅड भरल्यानंतर सुरू होते. तो बदलायचा कुठे, धुवायचा कशाने, वाळवायचा कुठे आणि टाकायचा कुठे, या चार प्रश्नांना जे उत्पादन उत्तर देते तेच तिच्यासाठी नवे असते, आणि तुमच्यासमोर ठेवलेल्या बहुतेक वस्तू या प्रश्नांपर्यंत पोहोचतच नाहीत.

पॅड आजच्या रूपात कसा आला हे थोडे समजून घेतले, तर विक्रेत्यांचे दावे पारखणे सोपे जाईल. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून ‘सेल्युकॉटन’ नावाचा कापसासारखा पदार्थ वापरात आला. परिचारिकांनी तो पाळीसाठीही वापरला आणि युद्धानंतर त्याच मालापासून ‘कोटेक्स’ हा पॅड बाजारात आला. तेव्हाचे पॅड कमरेच्या पट्ट्याला अडकवावे लागत. मेरी बिट्रिस डेव्हिडसन केनर या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईंनी १९५० च्या दशकात या पट्ट्यात सुधारणा करून त्याचे पेटंट घेतले होते. १९७० च्या सुमारास पॅडच्या मागे चिकटपट्टी आली आणि पट्टा हळूहळू नाहीसा झाला. पुढे पंख आले आणि पाणी धरून ठेवणारी पॉलिमरची पूड आली, म्हणून आजचा पॅड एका बोटाच्या जाडीवरून दोन-तीन मिलिमीटरवर येऊन थांबला.

यातली चिकटपट्टी आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे बाईने आतून चड्डी घातलेली आहे. शाळेतली मुलगी घालते. लुगडे किंवा साडी-परकर नेसून उसाच्या फडात वाकणारी चाळिशीची बाई पुष्कळदा घालत नाही. तिला मोफत वाटलेले पॅडचे पुडे घरात तसेच पडून राहतात आणि पाहणी करणारे लिहून नेतात की, ‘जागृती नाही’. तिला जागृती पुरेशी असते, तो पॅड चिकटवायला जागा नसते. म्हणून पट्टा किंवा नाडी असलेला पॅड जुनाट म्हणून बाजूला टाकू नका. तुमच्या गटातल्या वयस्क बायकांसाठी तोच उपयोगाचा ठरण्याची शक्यता आहे.

आता शोषणाबद्दल. पातळ पॅडमध्ये जी पांढरी पूड असते ती सोडियम पॉलिॲक्रिलेटची. शुद्ध पाण्यात ती आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरते आणि त्याचा गोळा होतो, हे विक्रेते पेल्यात करून दाखवतात. परंतु पाण्यात मीठ आले की ही क्षमता फार खाली येते, आणि पाळीचा स्राव खारट असतो, दाट असतो, त्यात पेशी व आतल्या अस्तराचे तुकडे असतात. म्हणून पेल्यातला प्रयोग पाहून काही ठरवू नये. बहुतेक उत्पादने पाण्याने किंवा मिठाच्या पाण्याने तपासली जात आली आहेत. खऱ्या मानवी रक्ताने अनेक प्रकारची उत्पादने तपासून पाहणारा अभ्यास अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात योनीत बसवायच्या चकतीने सर्वांत जास्त, सरासरी ६१ मिलिलिटर रक्त धरले, आणि पाळीच्या पॅन्टीने सर्वांत कमी, सरासरी २ मिलिलिटर. पॅड, टॅम्पॉन (योनीत ठेवायचा शोषक बोळा) आणि कप हे या दोहोंच्या मध्ये आले. संपूर्ण पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि ८० च्या वर गेले तर ते अतिस्राव मानले जाते, हे लक्षात घेतले तर साधा नीट केलेला पॅडही शोषणाला पुरतो, हे दिसून येईल. पॅन्टीचा विषय मी इथेच संपवते. ती महाग आहे, जाड असल्यामुळे धुवायला पाणी जास्त लागते आणि वाळायला वेळ लागतो. एकटी वापरली तर ती पहिल्या दोन दिवसांना पुरेल याचा भरवसा नाही.

‘ॲनायन’ पट्टीबद्दलही थोडक्यात सांगते. पॅडमधली हिरवी-निळी पट्टी पोटदुखी घालवते, जंतू मारते, पांढरे जाणे थांबवते, हे दावे मानावेत असा कोणताही भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पट्टी काढून पॅडची किंमत कमी करा असे विक्रेत्याला सांगा. सुगंधाचेही तसेच. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. त्या घामात सुगंधी द्रव्य आणि प्लास्टिकची वरची जाळी यांनी मांड्यांना पुरळ येते, आणि बाई ते पाळीचेच दुखणे समजून सहन करते.

केळी आणि बांबू यांचा विचार मात्र सविस्तर करायला हवा, कारण त्यात आपल्या शेताचा संबंध येतो. केळीच्या खोडाच्या धाग्याचे पॅड अहमदाबादच्या ‘साथी’ या संस्थेने गेल्या दशकात बाजारात आणले आणि ते काम चांगले आहे. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यात अर्धापूरला केळी भरपूर आहे, तेव्हा खोडे फुकट मिळतील, असे वाटणे साहजिक आहे. परंतु वनस्पतीचा धागा कच्चा असताना पाणी पीत नाही. त्यात लिग्निन हा कडकपणा देणारा घटक असतो, मेण असते, ते काढावे लागते. बांबूचे म्हणून विकले जाणारे कापड तर बहुतेक वेळा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून केलेला व्हिस्कोसचा धागा असतो. त्यात वाईट काही नाही, पण तो बांबू म्हणून जादा पैसे देण्यासारखाही नाही.

हा धडा मी स्वतः फार महागात शिकले. सुरुवातीच्या काळात आम्ही विचार केला की, आपण कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात राहतो, मग लाकडाचा लगदा बाहेरून कशाला आणायचा? जिनिंगमधून सरकी काढलेली रुई आणली, ती पिंजली आणि तिचे पॅड केले. पॅड मऊ झाले, स्वच्छ दिसले, आणि पहिल्याच महिन्यात बायकांनी ते परत आणून दिले. रक्त वरच्यावर राहून कडेने ओघळत होते. कच्च्या रुईच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा थर असतो, त्यामुळे ती पाण्यावर तरंगते. दवाखान्यातला कापूस पाणी पितो, कारण तो कॉस्टिक सोड्यात उकळून मग हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजित केलेला असतो. तुम्ही कोणताही शोषक माल विकत घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करा. त्याचा हलका गोळा करून पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. चांगला शोषक कापूस दहा सेकंदांच्या आत बुडतो. जो तरंगत राहतो तो विक्रेत्याला तिथेच परत करा. ही परीक्षा मी आधी केली असती, तर त्या बायकांचा महिना वाया गेला नसता आणि त्यांच्यापैकी काही जणींनी ‘पॅड’ या शब्दावरचा विश्वास कायमचा गमावला नसता.

या दिशेने मला खरी आशा वाटते ती घायपातीची. आपल्या माळरानांवर, बांधांवर, रेल्वेच्या कडेला ती पाण्यावाचून उभी असते आणि आपण तिचे दोर वळण्यापलीकडे काही करत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश यांच्या चमूने घायपातीच्या जातीच्या सिसल या वनस्पतीच्या पानांपासून पॅडमध्ये घालण्याजोगा शोषक लगदा तयार करण्याची पद्धत २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. ती पद्धत लहान प्रमाणावर, गावाजवळ करता यावी, हाच तिच्यामागचा हेतू आहे, आणि त्या लगद्याची शोषणक्षमता बाजारातल्या पॅडमधल्या मालाहून कमी नाही, असे त्यांना आढळले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने यात लक्ष घालावे, असे मला मनापासून वाटते. परंतु हे काम प्रयोगशाळेचे आहे. बचत गटाने कर्जाच्या पैशातून ते करून पाहू नये.

यंत्राबद्दल. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगानंदम यांनी पॅड तयार करण्याची प्रक्रिया लगदा मोकळा करणे, दाबून गादी करणे, आवरण चिकटवणे आणि निर्जंतुक करणे अशा गावातल्या बाईला झेपतील इतक्या सोप्या पायऱ्यांत आणली, आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती सर्वस्वी योग्यच होती. त्यांनी सुरुवात केली तेव्हा पॅड ही श्रीमंतांची वस्तू होती. आज जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड २०१९ पासून एक रुपयाला मिळतो. आमच्या अनुभवात छोट्या यंत्रावर केलेल्या पॅडचा नुसता कच्चा मालच त्याहून महाग पडतो. मग वीज, मजुरी आणि कर्जाचा हप्ता कोठून काढणार? आमच्या भागातल्या ज्या गटांनी यंत्रे घेतली, त्यांपैकी अनेकांची यंत्रे आज समाजमंदिरात धूळ खात आहेत. यात त्या बायकांचा काहीही दोष नाही.

एक रुपयाचा पॅड मिळतो, मग प्रश्न मिटला का? इथे टाकण्याचा प्रश्न येतो. बाजारातल्या पॅडची वरची जाळी, खालचा कागदासारखा दिसणारा पापुद्रा आणि आतली पूड हे सगळे प्लास्टिकच्या कुळातले असते. ‘ऑक्सो-विघटनशील’ असे लिहिलेले पॅड मातीत मिसळून जातात असा समज आहे. प्रत्यक्षात त्या प्लास्टिकचे बारीक तुकडे होतात, आणि म्हणूनच युरोपीय संघाने अशा प्लास्टिकवर २०२१ पासून बंदी घातली. मक्याच्या स्टार्चपासून केलेले कंपोस्ट होणारे पापुद्रे त्यापेक्षा चांगले आहेत. पण त्यांना ओलावा आणि साठ अंशांच्या आसपासची ऊब टिकून राहणारा मोठा ढीग लागतो. आपल्या कोरड्या काळ्या मातीत पुरलेला तसा पॅड पुढच्या पेरणीला नांगराच्या फाळाला लागून वर येतो. शाळांत बसवलेल्या विजेच्या छोट्या भट्ट्यांबद्दलही मी फारशी समाधानी नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीसाठी नियमांनी पहिल्या कक्षात ८०० अंश आणि दुसऱ्यात १०५० अंशांच्या आसपास तापमान सांगितले आहे. भिंतीवरची पेटी तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि अर्धवट जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर मुलींच्याच स्वच्छतागृहात साठतो. पुण्यात ‘पॅडकेअर लॅब्स’ने वापरलेले पॅड गोळा करून त्यातला लगदा आणि प्लास्टिक वेगळे करण्याची पद्धत उभी केली आहे. या सगळ्या क्षेत्रातल्या नव्या कामांत मला ते फार मोलाचे वाटते. परंतु त्यासाठी ठरावीक दिवशी गोळा करणारी गाडी लागते, आणि फडावरच्या कोपीपर्यंत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीपर्यंत, ती गाडी कोण आणणार?

त्या कोपीचा विचार आपण इथे थांबून करू, कारण तुमच्या निम्म्या बायका वर्षातले पाच-सहा महिने तिथे राहतात. पहाटे अंधारात उठून फडात जायचे, वाकून तोडायचे, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, रात्री-बेरात्री गाडी भरायची. आडोसा फक्त उसाचा, आणि तोही दिवसागणिक कमी होत जाणारा. पाणी शेतकऱ्याच्या मोटारीचे, ती सुरू असेल तर. एक दिवस बसले की खाडा पडतो आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून पैसे कापले जातात. पाळीचे दिवस आणि पांढरे जाणे यांना कंटाळून ‘पिशवी काढून टाकलेलीच बरी’ या निर्णयाला बाई येते, त्यामागे हे सगळे असते. राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाची माहिती आली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. चांगला पॅड दिला की हे थांबेल असे मी म्हणणार नाही. त्याला मुकादमाचा हिशेब, खासगी दवाखान्यांतले सल्ले आणि मजुरीचे दर अशी अनेक कारणे आहेत. पण जे उत्पादन या बाईच्या दिवसात बसत नाही त्यावर कर्ज काढू नये, इतके मी नक्की म्हणेन.

तिच्या दिवसात काय बसते? माझ्या मते दोन वस्तू. एक तुम्ही शिवू शकता, दुसरी तुम्ही शिकवू शकता.

शिवायची वस्तू म्हणजे उलगडणारा कापडी पॅड. कापड आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या आहेत. जुन्या लुगड्याची घडी ही काही वाईट वस्तू नाही. वाईट आहे ते तिचे वाळणे. ती कोणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या कपड्यांखाली किंवा कोपीच्या मागच्या ओलसर कोपऱ्यात वाळते, दमट राहते आणि तशीच परत वापरली जाते. बाजारातले अनेक कापडी पॅड हाच दोष वाढवतात, कारण त्यांत सहा-सात थर एकत्र शिवलेले असतात आणि मधला थर थंडीच्या दिवसांत दोन-दोन दिवस ओला राहतो. म्हणून पॅडचे दोन भाग करा. खालचा भाग पंखांचा आणि टिचबटणाचा. त्याच्या आत पाणी न झिरपणारे पातळ लॅमिनेट कापड घाला. तो काही शोषत नाही, त्यामुळे पुसून किंवा थोड्या पाण्यात खळबळून लगेच वाळतो. ज्यांना चड्डीची सवय नाही त्यांच्यासाठी याच भागाला पुढे-मागे दोन लूप देऊन नाडीची सोय करा. वरचा भाग म्हणजे सुती फ्लॅनेलचा एकेरी चौकोन, रुमालाएवढा. घड्या घालून तो खालच्या भागाच्या दोन पट्ट्यांत सरकवायचा. वापरून झाल्यावर उलगडला की तो एका थराचा रुमाल होतो, थोड्या पाण्यात निघतो आणि उन्हात अर्ध्या-पाऊण तासात वाळतो.

रंग गडद घ्या, आणि त्यावर चौकडी किंवा फुले असू द्या. हे मी सौंदर्यासाठी सांगत नाही. दोरीवर टाकलेला तो तुकडा भाकरी बांधायच्या फडक्यासारखा दिसला, तर बाई तो उघड्यावर वाळवते, आणि आम्ही ज्या गावांत असे तुकडे दिले तिथे उन्हात वाळवण्याचे प्रमाण आपोआप वाढलेले मी पाहिले आहे. मांडीला घासणारी शिवण खालच्या बाजूला वळवा. फडात दिवसभर वाकून चालणाऱ्या बाईला कडेच्या एका जाड शिवणीने सोलवटते. धुण्याबद्दल एकच सूचना चिठ्ठीवर चित्र काढून द्या, ती म्हणजे आधी गार पाणी, मग साबण. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने घट्ट बसतात, डाग राहतो आणि तो घालवायला दुप्पट पाणी जाते. धुऊन वापरायच्या पॅडसाठी भारतीय मानक १७५१४ हे २०२१ मध्ये आले आहे. विक्रीला उतरण्यापूर्वी त्यातल्या कसोट्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. शिलाई यंत्रे तुमच्या गटात आहेतच, त्यामुळे कर्जाचा बराच भाग तुम्हाला उचलावाच लागणार नाही.

शिकवायची वस्तू म्हणजे कप. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले तेव्हा मी लातूरमध्येच राहत होते. कापडी पॅड धुवायला रोज दोन तांबे पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न तेव्हा मलाही पडला, आणि त्याच उन्हाळ्यात मी कप वापरायला लागले. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा कप आठ ते बारा तास चालतो. पाळीच्या सुरुवातीला व शेवटी उकळला आणि मध्ये हात धुऊन रिकामा केला की पुरते, आणि नीट जपला तर अनेक वर्षे टिकतो. लॅन्सेटच्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात गळती इतर उत्पादनांइतकीच किंवा कमी आढळली, आणि वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के जणी पुढेही वापरायला तयार होत्या. अलीकडच्या रचनांमध्ये खालच्या देठाऐवजी बोट अडकवायची कडी असलेले कप आले आहेत. राठ झालेल्या, चिरा पडलेल्या बोटांना गुळगुळीत देठ धरता येत नाही, म्हणून ऊसतोडीच्या बायकांसाठी हा बदल मोठा आहे.

मात्र कप वाटून मोकळे होऊ नका. ज्यांनी तांबी बसवली आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण ओढताना तांबी निसटू शकते. म्हणून कडा दाबून आतली हवेची पकड सोडवल्याशिवाय कप ओढायचा नाही, हे प्रत्येकीला दाखवून शिकवावे लागते. ज्यांचे अंग बाहेर येते, आणि मोळ्या वाहणाऱ्यांत अशा बायका थोड्या नाहीत, त्यांना तपासणीशिवाय कप देऊ नये. सवय व्हायला दोन-तीन पाळ्या जातात, आणि त्या घरी असतानाच जाऊ द्याव्यात. फडावर पहिल्यांदा कप घालून पाहणे म्हणजे तिला तो कायमचा नकोसा करणे होय. तुमच्या गटातल्या दोन-तीन जणींनी आधी स्वतः वापरावा आणि मगच दुसरीला सांगावे. गावातल्या आशा सेविकांना सोबत घेतले तर तपासणीचाही मार्ग निघेल.

आता वेळापत्रक. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, म्हणून पोळ्यापर्यंत तीस संच शिवून तयार ठेवा. एका संचात खालचे दोन भाग, वरचे सहा रुमाल आणि ओला तुकडा ठेवायला एक लॅमिनेटची पिशवी असावी. फुकट देऊ नका, पण पैसे त्या फडावरून परत आल्यावर घ्या. गुढीपाडव्याच्या सुमारास बायका परततील तेव्हा ‘आवडला का’ असे विचारू नका, कारण सगळ्या ‘हो’ म्हणतील. रुमाल कुठे वाळवला, कोणत्या दिवशी जुन्या फडक्याकडे वळावे लागले आणि का, एवढे विचारा, आणि वापरलेले संच परत मागून घेऊन टेबलावर मांडा. बटण कुठे उपटले, लॅमिनेट कोणत्या घडीवर चिरले, कोणता रुमाल कोराच राहिला, हे त्या तुकड्यांवर दिसेल. ते पाहून दुसरी खेप कापायला घ्या.